मांजर सारखं खाजवतं आणि मधेच बेभान पळत सुटतं: आधी काय तपासायचं?

कृष्णाकाठची
सांगली, गावभाग, तळमजल्यावरचं जुनं घर. मांजरी, वय ३ वर्षं, नसबंदी झालेली, वजन ३.४ किलो. रेबीजची लस मागच्या वर्षी दिली आहे, यंदाची बाकी. तीन आठवड्यांपासून मागच्या पायाने मान खाजवते आणि शेपटीच्या बुडाशी कचाकच चावते. झोपेतून एकदम दचकून उठते, कुणी टाचणी टोचली असावी तसं मागे वळून बघते आणि धावत जाऊन कपाटावर चढते. त्या वेळी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पाठीची कातडी लहरते. पाठीला हात लावला तर चावायला येते. खाणंपिणं आणि शी-शूसाठी ट्रेमध्ये जाणं नेहमीसारखं. अंगावर पिसू एकही दिसली नाही. घरातल्यांचं म्हणणं नजर लागली, शेजारी म्हणतात म्हशीचं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून लावा. सुरुवात कुठून करू?

बोकोबा
बाकीचं सावकाश लिहितो, आधी एवढंच. गोचिडाचं औषध लावू नका. जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या त्या बाटल्यांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असतं. म्हशीला चालतं, मांजराला विष. कुत्र्याचे काही ड्रॉप्सही तसलेच, त्यात परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट फोडून बाहेर टाकता येत नाहीत. काही तासांत कान फडफडतात, अंग थरथरतं, झटके येतात. ‘थोडंसंच लावलं’ म्हणून सुटका नाही, कारण मांजर अंग चाटतं आणि लावलेलं सगळं पोटात जातं.

मळ्यातला
+१. चुकून लावलंच असेल तर भांड्याच्या लिक्विड साबणाने कोमट पाण्यात धुवायचं आणि तसंच टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठायचा. गरम पाणी नको, त्याने कातडीचा रक्तपुरवठा वाढतो आणि औषध आत जास्त जातं. उलटी काढायच्या फंदात पडू नका.

फणीवाली
‘पिसू दिसली नाही’ म्हणजे ‘पिसू नाही’ असं होत नाही. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि पिसवा गिळून टाकतं. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर चार-दोन चाव्यांवरही अंगाची आग होते. म्हणजे सगळ्यात जास्त खाजवणाऱ्या मांजराच्या अंगावरच पिसवा सगळ्यात कमी सापडतात.

तपासायचं असं. उवांची धातूची बारीक फणी घ्या, प्लॅस्टिकची वाकते आणि दात फाकतात. मांजराला पांढऱ्या चादरीवर उभं करा. शेपटीच्या बुडापासून पाठीवर, मग मानेखाली, मग जांघेत, अशी दहा मिनिटं फणी कातडीला टेकवून फिरवा. वरवर फिरवलीत तर नुसते केस निघतील. फणीत आलेली काळी कणी पांढऱ्या ओल्या टिश्यूवर ठेवून बोटाने दाबा. माती असेल तर काळीच राहते. भोवती विटकरी-तांबडा ओघळ सुटला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एवढा पुरावा पुरतो, पिसू दिसायची गरज नाही.

फणी धुवायला शेजारी वाडग्यात साबणाचं पाणी ठेवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून जाते, साबण घातला की बुडते.

शेपटीच्या बुडाशी केसांत बोटं घालून बघा. बाजरीच्या कण्यांसारखं खरखरीत लागलं तर तीही पिसवांच्या ॲलर्जीची जुनी खूण. पण तशा कण्या खाण्याच्या ॲलर्जीत आणि बुरशीतही येतात, म्हणून फणीची परीक्षा टाळू नका.

तळमजला_नको
मांजर घराबाहेर जातच नसेल तर पिसवा येणार कुठून? मला तर हे चिकन-ॲलर्जीचं वाटतं. खाणं बदलून बघा.

फणीवाली
माणसांच्या पायांवरून, उंदरांवरून, दारातल्या कुत्र्यावरून. तळमजल्याला खिडकीत बसणारा शेजारचा बोका पुरतो. शिवाय पावसाळा आहे. पिसवेच्या अळीला दमट हवा लागते, निम्म्याहून कमी आर्द्रतेत ती सुकून मरते. सांगलीत जुलै-ऑगस्टला ती अडचण तिला नसते. शहाबादी फरशीच्या सांधी, लाकडी जिना, पलंगाखालची वाकळ या तिच्या आवडत्या जागा.

खाण्याची ॲलर्जी असते, नाही कशाला म्हणू. पण तिची खाज बहुधा तोंड, कान, मान इकडे असते आणि पावसाळा-उन्हाळा सारखीच राहते. ती शोधायची तर आठ आठवडे एकच प्रथिन द्यावं लागतं, तेही मांजराने आधी कधी न खाल्लेलं. मधे सुकटीचा एक तुकडा किंवा दुधाचा घोट गेला की परत पहिल्यापासून. पिसवा निकालात काढल्याशिवाय ही परीक्षा सुरू केली तर उत्तर काहीच मिळत नाही, महिने मात्र जातात.

अजिंक्यतारा_सातारा
कान बघितलेत का? मान खाजवतेय असं वाटतं, पण बऱ्याचदा ती कानाची खाज असते. आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा कोरडा मळ असेल तर कानातले किडे. डॉक्टर तो मळ काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पांढरे किडे चालताना दिसतात. घरातल्या सगळ्या मांजरांना एकदम औषध द्यावं लागतं, कारण एकाचे किडे दुसऱ्याला जातात. किड्याचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं, म्हणून चार दिवस थेंब घालून थांबलं की परत येतात. इअरबड आत घालू नका, मळ आणखी खोल जातो.

कानाच्या कडेला राखाडी जाड पापुद्रे असतील आणि ते डोक्यावर, मानेवर पसरत असतील तर मांजराची खरूज. ती भयंकर खाजते. आणि मांजर कोंबड्यांच्या खुराड्याजवळ झोपत असेल तर कानाच्या कडेला चिकटलेले काळे ठिपके बारकाईने बघा. कोंबडीची पिसू उडत नाही, तोंड रुतवून तिथेच बसते. लोक त्याला मळ समजून सोडून देतात.

मळ्यातला
खरजेला जनावरांचं आयव्हरमेक्टिन टोचतात लोक. तिथं हिशोब चुकतो बघा. एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीला १० मिलीग्रॅम औषध. ३ किलोच्या मांजराला डॉक्टर किलोला ०.२ मिलीग्रॅम धरतात, म्हणजे ०.६ मिलीग्रॅम, म्हणजे ०.०६ मिली. साध्या सिरिंजवर ही रेघ दिसत पण नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस. मांजर अडखळतं, आंधळ्यागत भिंतीला धडकतं, बेशुद्ध पडतं. पिल्लांचं तर विचारूच नका. हे काम डॉक्टरांचं.

कृष्णाकाठची
कान स्वच्छ, आतून फिकट गुलाबी. फणी फिरवली. पाठीवरून काही नाही, जांघेतून तीन काळ्या कण्या. ओल्या टिश्यूवर दोन कण्यांचा तांबडा ओघळ सुटला, तिसरी काळीच राहिली.

फणीवाली
झालं, पिसवा आहेत.

बोकोबा
आता औषध. मांजरासाठी असा स्पष्ट उल्लेख असलेलंच स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर टाकायचं थेंबांचं औषध घ्या. फिप्रोनिलचं मांजराचं पिपेट (औषधाची छोटी नळी) ०.५ मिलीचं असतं, ८ आठवड्यांवरच्या पिल्लांना चालतं. सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिन घेतलं तर कानातले किडेही जातात. इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिनचं ०.४ मिलीचं पिपेट ४ किलोपर्यंत, ०.८ मिलीचं ४ ते ८ किलोला. तुमच्या ३.४ किलोला लहानच. कुत्र्याचं मोठं पिपेट आणून ‘अर्धं लावू’ हा हिशोब करू नका, प्रमाण आणि घटक दोन्ही वेगळे असतात.

लावायची जागा कवटीच्या बुडाशी, जिथे तिची जीभ पोचत नाही. खांद्यांच्या मध्ये लावलं तर लवचिक मांजर चाटतं. केस दोन बाजूंना सारून कातडी उघडी करा आणि थेंब कातडीवर पडू द्या. केसांवर लावलेलं औषध म्हणजे पैसे पाण्यात. आधी आणि नंतर ४८ तास अंघोळ नको. लावल्यावर जिभेला लागलं तर तोंडाला फेस येतो, तो कडू चवीचा, थोड्या वेळात थांबतो. फेसाबरोबर थरथर आली तर मात्र दवाखाना.

घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला त्यांचं-त्यांचं औषध त्याच दिवशी. एक जरी सुटलं तरी सगळं वाया.

तळमजला_नको
म्हणजे एक पिपेट आणि विषय संपला?

फणीवाली
नाही ना, लोक इथेच फसतात. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात पडलेलं. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, मांजर अंग झाडेल तिथे गळतात. अळी उजेडापासून पळते, फटीत शिरते आणि खाली गळलेली पिसवांची विष्ठा खाऊन वाढते. मग कोष. तो चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि फवारलेलं औषध आत जात नाही. कोषात पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि चालण्याचा हादरा, अंगाची ऊब लागली की क्षणात बाहेर येते. सुट्टीहून परतल्यावर बंद घरात एकदम पिसवा चावतात त्या यामुळेच.

म्हणून औषध लावल्यावरही तीन ते आठ आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. ‘औषध बनावट निघालं’ म्हणून दुसरं लावू नका, दोन औषधांचा भार पडतो. महिन्याला एक, असे किमान तीन महिने. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

घराचं काम असं. मांजर झोपते त्या वाकळी, चादरी, उश्यांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. मशीन नसेल तर आधणाचं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवा. पावसात ऊन मिळत नाही, जाड वाकळ तीन दिवस ओली राहते. तेव्हा तीन महिने वाकळ बाजूला ठेवून पातळ सुती चादर वापरलेली बरी. फरशीच्या सांधी जुन्या दात घासायच्या ब्रशने उकरून मग व्हॅक्यूम. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष फुटतात, आणि आपल्याला तेच हवं असतं, कारण बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या मांजराच्या अंगावर चढून मरते. पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा. व्हॅक्यूम नसेल तर झाडू आणि ओलं पोतेरं, रोज, विशेषतः पलंग-सोफ्याखाली.

म्हणून औषध लावलेल्या मांजराला खोलीत कोंडून ठेवू नका, नेहमीसारखं घरभर फिरू द्या.

मोजणी करायची तर रात्री जमिनीवर ताटलीत साबणाचं पाणी ठेवून त्यावर वीतभर उंचीवर दिवा लावा. सकाळी बुडालेल्या पिसवा मोजा. आठवड्यागणिक आकडा उतरला पाहिजे. याने पिसवा संपत नाहीत, फक्त प्रगती कळते.

हरिपूररोड
पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं असेल तर ‘घरात मांजर आहे’ हे आधी सांगा आणि अळीची वाढ थांबवणारं पायरीप्रॉक्सिफेन आहे का विचारा. फरशी पूर्ण कोरडी होऊन हवा खेळेपर्यंत मांजर बाहेरच्या खोलीत, माशांचं टाकं झाकलेलं.

फिनेल बंद. डेटॉलसुद्धा. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, पंजे चाटतं, जिभेला फोड येतात. साबणाचं पाणी पुरे. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचं किंवा कुठलंही उग्र तेल अंगाला नाही. हळदीचा लेप सांगलीत कुणी सुचवणारच, त्याने पिसू मरत नाही, भिंती आणि गाद्या तेवढ्या पिवळ्या होतात. बोरिक पावडर फटीत टाकायचा सल्लाही मिळेल. पावसाळ्यात ती ओलावून गोळा होते आणि मांजराच्या पंजाला लागून पोटात जाते.

अजिंक्यतारा_सातारा
आणि खाज थांबायला घरातल्या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजर मारते. रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. वेदनेची जेलं लावलेला हातही मांजराला चाटू देऊ नका.

दवाखान्यात ‘लांब टिकणारं स्टेरॉइड इंजेक्शन देऊन टाका’ असं आपणहून म्हणू नका. दोन-चार आठवडे खाज जाते, सगळे खूश. पण मूळ कारण झाकलं जातं, बुरशी असेल तर पसरते, वारंवार दिलं तर मधुमेहाचा धोका. आधी कातडी खरवडून आणि सेलोटेपला केस चिकटवून तपासणी, मग गरज असेल तर थोड्या दिवसांच्या गोळ्या. सातारा-वाई-खंडाळा बाजूच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

केस गोल चकत्यांत गेले असतील आणि घरात कुणाच्या हातावर नायटा उठला असेल तर पिसवा सोडून बुरशीकडे वळा. कल्चरला, म्हणजे केसांवरची बुरशी वाढवून बघायला, दोन-तीन आठवडे लागतात.

मळ्यातला
अवांतर: घरात उंदीर पळवायचं ते प्लगमध्ये खोचायचं यंत्र आहे का? त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मांजराला येतो. माणूस २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजर ६० च्या वर. यंत्र लावल्यापासून मांजर अस्वस्थ असेल तर आठवडाभर काढून बघा, फुकटची तपासणी आहे.

कृष्णाकाठची
यंत्र नाही. पण कातडी लहरणं आणि पळत सुटणं, हे पिसवांनीच होतं का? एका ओळखीच्यांनी ‘हायपरएस्थेशिया’ म्हणून गुगल करायला सांगितलं.

बोकोबा
होऊ शकतं. पिसू चावली की मांजर दचकतं, पळतं. हायपरएस्थेशियातही, म्हणजे पाठीची कातडी अति संवेदनशील होते त्या विकारातही, वाऱ्याने गव्हाचं शेत हलावं तशी पाठीची कातडी लहरते, बाहुल्या मोठ्या होतात, शेपटीवर हल्ला, मग धूम. दिसायला हुबेहूब. पण ते नाव बाकी सगळं तपासून झाल्यावर द्यायचं असतं. पिसवा, ॲलर्जी, पाठीच्या मणक्याचं किंवा दाताचं दुखणं, फिट हे आधी बाजूला काढावं लागतं. तुमच्याकडे पिसवांचा पुरावा हातात असताना ते नाव आत्ता लावू नका.

पिसवांचा बंदोबस्त होऊन आठ आठवड्यांनीही झटके तेवढेच असतील तर डॉक्टर दुखण्याच्या औषधाची चाचणी घेतात, त्यानंतर गॅबापेंटिन वगैरे नसांच्या दुखण्याची औषधं. त्यासाठी आत्तापासून दोन गोष्टी करा. एक, झटक्याचा व्हिडिओ. उजेडात, मिनिटभर, अख्खं अंग आणि डोळे दिसतील असा, हाक न मारता. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखं बसतं, डॉक्टरांना काहीच दिसत नाही. दोन, वही. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय चाललं होतं, हाक मारल्यावर लक्ष देतं का, नंतर भान होतं का. मधेच लघवी सुटली, तोंडाला फेस आला, नंतर भिंतीला धडकत फिरलं तर ते फिटकडे झुकतं.

झटका चालू असताना उचलू नका, पाठ थोपटू नका, ओरडू नका. खोलीचा दिवा मंद करा, दार ओढून घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळवा आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, चाटणं, झोप हा तिचा क्रम लागला की संध्याकाळचं पळणं बरंच उतरतं. ट्रेमधून आल्यावर किंवा तिन्हीसांजेला होणारी धावाधाव तर निरोगी मांजरंही करतात, त्याला आजार समजू नका.

हरिपूररोड
नख्याही कापा. मागच्या पायांच्या, कारण खाजवते ती मागच्यांनी. सगळे पुढच्याच कापतात. उजेडात धरलं की आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन मिलीमीटर अलीकडे थांबायचं.

अजिंक्यतारा_सातारा
ज्यांची मांजरं वेगळ्या लक्षणांची आहेत त्यांच्यासाठी. बोका ट्रेमध्ये परत परत बसतो, कण्हतो, पळत सुटतो, जांघ चाटतो आणि लघवी येत नाही, तर खाजेचा विचार सोडा. मूत्रमार्ग तुंबलाय, एक-दोन दिवसांत जीव जातो, रात्र असली तरी डॉक्टर उठवा. नसबंदी न झालेली मादी लोळते, शेपटी वर धरून आर्त ओरडते, तर ती माजावर आहे. दहाच्या पुढचं मांजर अचानक रात्री ओरडत हिंडतं, भरपूर खाऊनही रोडावतं, तर थायरॉइड आणि रक्तदाब बघा.

मळ्यातला
तासगावकडच्या द्राक्षवाल्यांसाठी एक. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात. बागेतून आलेलं मांजर लाळ गाळतंय, डोळ्यातून पाणी, जागेवर लघवी, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंग उडतंय, तर ती विषबाधा. औषधाच्या बाटलीचं लेबल किंवा फोटो घेऊन जा, डॉक्टरांना घटक कळला की उपचार लवकर ठरतो.

तळमजला_नको
आणि चावलं तर? धागाकर्तीने लिहिलंय चावायला येते. मांजर अचानक बिथरलं म्हणजे रेबीज नाही ना?

फणीवाली
तीन आठवडे खाणंपिणं नीट असताना फक्त पाठीला हात लावल्यावर चावतंय, म्हणजे दुखतंय. रेबीजमध्ये मांजर काही दिवसांतच खालावतं. आवाज बदलतो, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात, विनाकारण अंगावर येतं. पण ‘बहुतेक नसेल’ वर माणसाचा निर्णय घ्यायचा नसतो. चावा किंवा रक्त येईल असा ओरखडा पडला की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा, पट्टी बांधू नका. चुना, मिरची, हळद काहीही भरू नका. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडीत देतात ती लस ०, ३, ७, २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन) लागेल का ते तिथे ठरतं. मांजर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर सांगतील, पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नाही.

मांजरीची रेबीजची राहिलेली लस खाज आटोक्यात आली की देऊन टाका. लसीचं कार्ड दाखवता आलं तर तुमचंही काम सोपं होतं.

कृष्णाकाठची
शेवटचा प्रश्न. शीच्या भोवती तांदळासारखे पांढरे कण दिसलेत, वाळल्यावर पिवळट. हेही पिसवांचंच?

बोकोबा
हो, टेपवर्म, म्हणजे आतड्यातला चपटा पट्टीसारखा जंत. पिसू गिळल्याने होतो. प्राझिक्वाँटेल, किलोला ५ मिलीग्रॅम, म्हणजे ३.४ किलोला १७ मिलीग्रॅम. गोळी किती मिलीग्रॅमची आहे ते बघून तुकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पायपरॅझिन मागू नका, ते गोल जंतांवर चालतं, यावर नाही. आणि पिसवांचं औषध लागू पडण्याआधी दिलं तर महिन्याभरात कण परत दिसतील. म्हणून आज स्पॉट-ऑन, आठवड्याने जंताची गोळी, आणि दुसऱ्या पिपेटच्या दिवशी परत एकदा फणी आणि ओला टिश्यू.